थांबून राहणारा मेनू

आई,

बाबा गेले. हे तुला कळवायला मी कागद घेऊन बसलोय, याचं माझं मलाच हसू येतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, आता ते दोघं एकत्र असतील, आणि मी त्यांचं मन राखायला मान हलवली. पण मला तसं वाटत नाही. मला राहून राहून असं वाटतं, की तुला अजून काहीच माहीत नाही आणि तू तिकडे तुझ्या त्या काळ्या पडद्यावर थांबून आहेस. म्हणून सांगायचं ते सांगतो, पण जरा लांबून येतो, कारण बाबांचं जाणं आणि तुझ्या लॅपटॉपचा मेनू या दोन गोष्टी मला एकमेकींपासून सोडवता येत नाहीत.

तुझा लॅपटॉप अजून आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खिडकीखाली, तू ठेवायचीस तिथंच. बॅटरी कधीच मेली, वायर लावल्याशिवाय तो उठत नाही आणि लाईट गेली की तोही जातो. पण चालतो. मी नांदेडला कॉलेजात पोरांना कॉम्प्युटर शिकवतो, दरवर्षी नवी मशीनं येतात नि जुनी भंगारात जातात, आणि तुझं हे धूड मात्र चालूच आहे. नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला मी ते तुला आणून दिलं तेव्हा तू म्हणालीस, "साडी आणली असतीस तर नेसले असते की. ह्याचं काय करू?" आणि पुढच्याच आठवड्यात मला फोन, की क्लासचे प्रश्नसंच ह्याच्यावर कसे टाईप करायचे.

तेव्हा लातूरला क्लासचं पीक जोरात आलं होतं. घराघरांत पोरं भाड्यानं राहायला होती. देगलूरची, मुखेडची, चाकूरची, कुठकुठली. गल्लीत मेस, वरच्या मजल्यावर अभ्यासिका, भिंतींवर पास झालेल्यांचे फोटो. तू शाळेतून रिटायर झालीस आणि एका मोठ्या क्लासवाल्यांनी तुला फिजिक्स शिकवायला बोलावलं. सकाळी तिथं, संध्याकाळी घरी. घरी यायची ती पोरं वेगळी. ज्यांना मोठा क्लास परवडत नव्हता ती. मुरुडहून सायकलीवर बस गाठून येणारा एक जण मला आठवतो, त्याच्या चपलेला कायम काळी माती असायची. ही पोरं सोयाबीन काढणीला गावी जायची ती दोन-दोन आठवडे यायचीच नाहीत. तू चिडायचीस, पण त्यांच्यावर नाही. मग तू संध्याकाळी शिकवताना लॅपटॉप समोर चालू ठेवून त्यांचे बुडालेले तास त्यात भरून ठेवायला लागलीस. एका तासाची एक फाईल. पोरगं काढणीहून आलं की त्याच्या पेन ड्राइव्हवर घालून द्यायचीस आणि म्हणायचीस, "ऐकत ऐकत जा, रस्त्यात झोपू नको."

त्या पेन ड्राइव्हांनी घोटाळा केला. मेसच्या खोल्यांतून, झेरॉक्सच्या दुकानांतून फिरून आलेले ते. त्यांच्यातून व्हायरस यायचे आणि तुझं विंडोज महिन्याला आजारी पडायचं. क्लासचे प्रश्नसंच दोनदा गेले. मग मी एकदा सुट्टीत आलो तेव्हा डिस्कचे दोन भाग केले. एका भागात विंडोज, क्लासच्या कामासाठी. दुसऱ्या भागात लिनक्स, तुझ्या पोरांसाठी, त्याला त्या व्हायरसांचं काही वाटायचं नाही. लॅपटॉप सुरू केला की आधी एक काळा पडदा येणार, त्यावर नावं, कुठं जायचं ते निवडायचं आणि एंटर दाबायचं. तू ते एका मिनिटात समजून घेतलंस. "म्हणजे आपल्या घरासारखंच," म्हणालीस. "पुढचं दार क्लासवाल्यांना, मागचं दार आपल्याला."

मागच्या दाराचं मला आज सांगायचं नव्हतं, पण त्याच्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होतो. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे जमीन हलली. लातुरात आपण अंगणात उभे होतो, भांडी पडली, एक कपाट पडलं, तेवढंच. पण औशाकडचं तुझं माहेर गेलं. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक, त्यांना तसंच स्टँडवर बोलावलं, तिकडं गाड्या सोडायच्या होत्या म्हणून. पहिल्याच गाडीत त्यांनी तुला बसवलं. तू परत आलीस तेव्हा तुझ्या साडीला, केसांना, पापण्यांनासुद्धा माती होती, आणि तू मला जवळ न घेता आधी हात धूत बसलीस. आजीला भिंतीनं मारलं नव्हतं, हे मला फार नंतर कळलं. ती दारापर्यंत पोचली होती. चौकट दबली होती आणि कडी निघाली नव्हती. तिचा हात कडीवरच होता.

त्या दिवाळीत सगळं गाव अंगणात ताडपत्रीखाली झोपत असताना तू गवंड्याला बोलावलंस आणि स्वयंपाकघराची मागची भिंत फोडायला सांगितलीस. बाबा म्हणाले, "अगं, धड भिंतीला कशाला भोक पाडायलीस? भिंती पडू नयेत म्हणून लोक देव पाण्यात घालून बसलेत." तू म्हणालीस, "दार पाहिजे मला तिथं. आणि त्याला कडी लावायची न्हाई." एवढंच. दार झालं, कडी नाहीच. रात्री त्याला आतून एक पाट टेकवून ठेवायचीस, मांजर येऊ नये म्हणून, आणि तो पाट लहान मूलसुद्धा ढकलेल असा. आजतागायत त्या दाराला कडी नाही. पुढे तुझी पोरं त्याच दारानं यायला लागली, आणि संध्याकाळी आपल्या मागच्या अंगणात चपलांचा हा ढीग पडायचा.

आता ते रागावणं सांगतो. लॅपटॉपचे दोन भाग करून झाल्यावर मी तुला मोठ्या ऐटीत मेनू दाखवला. तू गॅसपाशी होतीस, भाकरी तव्यावर. मी म्हणालो, बघ, काही नाही निवडलं तर दहा सेकंद वाट बघतो आणि आपला आपण आत जातो. खाली आकडे उतरत होते. दहा, नऊ, आठ. तू बघितलंस आणि तोंड फिरवलंस. "ते आकडे बंद कर." मला वाटलं, तुला वेळ कमी पडेल अशी भीती. म्हणालो, आई, दहा सेकंद खूप असतात. तू गॅस बंद केलास. भाकरी तशीच तव्यावर. "तुझ्या आजीला तेवढेबी मिळाले न्हाईत," म्हणालीस. मी मठ्ठ, मी म्हणालो, मग तीस करतो. त्यावर तू माझ्यावर जी ओरडलीस तशी आयुष्यात ओरडली नव्हतीस. "तीस काय न् तीनशे काय. माझ्यासमोर उलटं मोजूच नको. माणूस दारात उभं असलं की थांबायचं असतंय, मोजायचं नसतंय." मी खाली मान घालून सेटिंग बदललं. तशी सोय असते, मेनू काही न मोजता नुसता थांबून राहतो, तुम्ही एंटर दाबेपर्यंत, दिवस गेले तरी. करपलेली भाकरी तू मला वाढली नाहीस, स्वतःच्या ताटात घेतलीस. पुढे त्या मोठ्या क्लासवाल्यांनी दारावर परीक्षेला किती दिवस उरले त्याची पाटी लावली, रोज एक आकडा कमी, तेव्हा ती काढा म्हणून तू भांडलीस. ते हसले. वर्षाअखेरीला तू तो क्लास सोडलास आणि आम्हाला कारण सांगितलं पायऱ्या चढवत नाहीत म्हणून.

तुझ्या आजारपणात मी दर शनिवारी नांदेडहून यायचो. एकदा आलो तर तू बाबांना टेबलाशी बसवून शिकवणी घेत होतीस. बाबांना काचबिंदू झालेला होता, डाव्या डोळ्यानं दिसणं बंद आणि उजव्यानं थोडंफार. आणि माणूस तर तुला माहीत आहे, सगळी नोकरी गाड्या वेळेवर सोडण्यात गेलेली. जेवतानासुद्धा घड्याळ बघणारे. तू त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलंस. "हे दाबायचं. मग पंखा घरघरतो, तो शांत होऊ द्यायचा. मग हे कोपऱ्यातलं मोठं बटण." बाबा म्हणाले, "आणि तोवर गाडी सुटली तर?" तू म्हणालीस, "सुटत न्हाई. ही थांबती. तुमचा चहा होऊ द्या, आंघोळ होऊ द्या, ही थांबती." मला सांगितलंस, की आत गेल्या गेल्या तुझे तास आपोआप सुरू होतील असं काहीतरी कर, काल जिथं थांबलं त्याच्या पुढचा तास आज लागला पाहिजे, मला फाईली शोधायचा कंटाळा येतो. मी करून दिलं. तुला कसला कंटाळा येत होता ते तू गेल्यावर मला कळलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी बटण दाबलं. त्यानंतर रोज. फिजिक्समधलं ओ की ठो न कळणारा माणूस एक तपभर रोज तुझा एक तास ऐकत राहिला. संपले की पुन्हा पहिल्यापासून. मी गंमत करायचो, बाबा, एवढ्यात बारावी पुन्हा दिली असती तर नंबर लागला असता. ते म्हणायचे, "गुरुत्वाकर्षण मला पटलंच न्हाई अजून." एका तासात मागून त्यांचाच आवाज येतो, "अगं, दूध उतू चाललंय," आणि तू पोरांना न्यूटन सांगता सांगता म्हणतेस, "मग बघा की तुम्हीच, तुमच्या हाताला काय झालंय?" आणि लगेच, "हं, तर वस्तूवर बाहेरून बल लावल्याशिवाय ती हलत नाही." हा तास यायचा त्या दिवशी बाबा मला आवर्जून फोन करायचे. आज दुधाचा तास होता, म्हणायचे.

हे सगळे तास मी त्यांच्या फोनमध्येही घालून दिले होते, नांदेडला माझ्याकडेही आहेत. पण फोनमधलं त्यांनी कधी लावलं नाही. "त्याच्यात ती कुणाचीबी वाटती. मधीच कुणाचा फोन येतो, मधीच ती लोनवाली बोलती. हितं मी बटण दाबतो, थांबतो, मग ती येती."

तुझी नात गेल्या वर्षी लातूरला आली, अकरावीला. तीही क्लासलाच, अजून काय. तीन वर्षांची असताना तिनं तुझा चष्मा मोडला होता, तुझी आठवण तिच्याकडे तेवढीच. ती बाबांपाशी राहायला लागली आणि मला बरं वाटलं, दोघांनाही सोबत. क्लासच्या सराव परीक्षा कॉम्प्युटरवर असतात आणि तुझं जुनं विंडोज त्यांना चालेना. बाबाच म्हणाले, दुकानात ने, नवं टाकून आण. ती घेऊन गेली. दुकानवाल्यानं विचारलं, दुसरा भाग पुसू का, तर तिनं दोनदा सांगितलं, त्याला हात लावायचा नाही, त्याच्यात आजी आहे. त्यानं नाहीच लावला. पण नवं विंडोज घरात शिरलं की आधी दर्शनी जागा बळकावतं. डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटीशी जागा असते, लॅपटॉप उठल्यावर पहिल्यांदा तिथं बघतो, तिथं तुझा मेनू बसलेला असायचा. विंडोजनं तिथं स्वतःला बसवलं. आतलं सगळं जागच्या जागी, फक्त तिथं जायची वाट बुजली.

त्या संध्याकाळी बाबांनी बटण दाबलं, पंखा शांत होऊ दिला, एंटर दाबलं, आणि तुझ्याऐवजी विंडोजची ती टुणकन वाजणारी घंटा वाजली. त्यांना वाटलं आपलंच चुकलं. बंद करून पुन्हा. पुन्हा घंटा. तुझी नात म्हणाली, आजोबांनी किती वेळा केलं मला माहीत नाही, मी दुसऱ्या खोलीत नुसती घंटा ऐकत होते आणि मला जायची भीती वाटत होती. मग त्यांनी तिला हाक मारली आणि हळूच विचारलं, "बाळ, आजीकडं जायचं कुठून गं आता?" तिनं मला फोन केला. रडत होती. "पप्पा, आजीचं काहीच दिसायलं न्हाई. मी आजीला पुसून टाकलं का?" मी म्हणालो, नाही पुसलं, आजी आत आहे, मी रविवारी येतो. चार दिवस मध्ये होते. त्या चार दिवसांत बाबा संध्याकाळी टेबलाशी बसायचे, बटण दाबायचे आणि घंटा ऐकून बंद करायचे. जेवण अर्धं टाकायचे. तिनं फोनमधला तास लावला तर म्हणाले, राहू दे, तू तुझा अभ्यास कर. एक तप सांभाळलेलं दुःख त्या चार दिवसांत पहिल्यापासून सुरू झालं होतं, आणि मी नांदेडला बसून परीक्षेच्या ड्यूट्या करत होतो.

रविवारी पहाटेच्या गाडीनं निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर. प्रत्येक स्टँडवर बाबांचा आवाज माझ्या कानात, "अहमदपूर, लोहा मार्गे नांदेडकडे जाणारी गाडी." घरी पोचलो तर बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसलेले. लॅपटॉप पुसून ठेवलेला. मी पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन गेलो होतो. आधी त्याच्यावरून लॅपटॉप उठवायचा, त्याच्या आधारानं तुझ्या भागात शिरायचं आणि आतून मेनू पुन्हा सुरुवातीच्या जागेवर लिहायचा. हे काम मी शेकडो वेळा केलंय, पोरांना प्रॅक्टिकलला देतो. पण पेन ड्राइव्ह लावला नि त्याचा स्वतःचा मेनू आला, आणि खाली आकडे उतरायला लागले. दहा, नऊ, आठ. माझा हात आपोआप पडद्यावर गेला. मी तळहातानं आकडे झाकून बसलो. बाबांना ते दिसणार नव्हतेच. कुणापासून झाकत होतो मी?

तिथून पुढे माझं लक्ष धड राहिलं नाही. लॅपटॉपला दोन डिस्का दिसत होत्या, एक तुझी आणि एक पेन ड्राइव्हची, आणि मी मेनू पेन ड्राइव्हवर लिहून बसलो. पुन्हा सुरू केला, तुझा काळा पडदा आला, मी म्हणालो, "झालं, बाबा." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मी पेन ड्राइव्ह काढून घेतला, खिशात टाकला, आणि म्हणालो, आता तुम्ही तुमच्या हातानं लावा. त्यांनी बटण दाबलं, पंखा शांत होऊ दिला. घंटा वाजली. त्यांचं बोट एंटरवर तसंच होतं. तुझी नात दारात उभी राहून माझ्याकडे अशी बघत होती, की मला पळून जावंसं वाटलं. मी सांगितलं, माझी चूक, तिचा मेनू माझ्या खिशातल्या पेन ड्राइव्हवर गेलाय. बाबा म्हणाले, "म्हणजे नांदेडला न्यायलास व्हय तिला?" आणि हसले. मग आम्ही तिघंही हसलो, आणि हसता हसता तुझी नात मागच्या अंगणात निघून गेली.

दुसऱ्यांदा नीट केलं. डिस्कचं नाव मोठ्यानं वाचून, नातीकडून खात्री करून घेऊन. पेन ड्राइव्ह काढला आणि लांब ओट्यावर ठेवला. बटण बाबांनीच दाबलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, वरती तुझा भाग, सगळ्यात खाली विंडोज.

"आली?" बाबांनी विचारलं.

"आली."

"मोजायली का?"

"न्हाई. थांबलीय."

मला वाटलं ते लगेच एंटर दाबतील. पण ते उठले. चाचपत मोरीकडे गेले, तोंड धुतलं, केसांवरून फणी फिरवली. सावकाश येऊन बसले. मग दाबलं. तुझा आवाज आला, घसा खाकरून, फळ्यावर खडू आपटत, तोच तो प्रत्येक तासाचा पहिला प्रश्न. "हं, बसा. मागच्यांना दिसतंय का सगळ्यांना?" आणि बाबा, ज्यांना तेव्हा उजव्या डोळ्यानं फक्त उजेड कळत होता, म्हणाले, "दिसतंय."

आई, ते रोज म्हणत असणार. मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

त्यानंतर पावसाळा गेला, सोयाबीन निघालं, थंडी आली. रोज एक तास होत होता. मंगळवारी संध्याकाळी तुझी नात क्लासहून आली तेव्हा पुढच्या दाराला आतून कडी होती. हाका मारल्या, ओ नाही. मग ती मागं गेली. पाट ढकलला आणि आत आली. बाबा खुर्चीत होते, शर्ट इस्त्रीचा, केस विंचरलेले. चहावर बशी झाकलेली. तिला वाटलं डोळा लागलाय. पडद्यावर तुझा मेनू होता. त्यांनी बटण दाबलं होतं आणि पंखा शांत व्हायची वाट बघत होते. एंटर दाबायचं राहिलं.

डॉक्टर म्हणाले, काही त्रास झाला नसेल. लोक आले, नेलं, सगळं झालं. त्या गर्दीत कुणाचं लक्ष गेलं नाही, पण तो पडदा रात्रभर तसाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी राख आवरून आलो तेव्हाही तसाच होता. किती बायका त्या टेबलाशी बसून उठल्या असतील. तू मात्र मोजलं नाहीस. मी त्या खुर्चीवर बसलो आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं, बाबांसाठी की तुझ्यासाठी, सांगता येत नाही. कोणीतरी कोणासाठी इतकं थांबलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो, आणि ज्याच्यासाठी थांबलं होतं त्याला मीच पोचवून आलो होतो.

आज दहावा झाला. मी अजून लातुरातच आहे, टेबलावर तुझ्या लॅपटॉपशेजारी बसून हे लिहितोय. हा कागद कुठं टाकायचा ते मला माहीत नाही, आणि टाकणारही नाही. मघाशी तुझ्या नातीनं विचारलं, "पप्पा, आजीचा तास लावू का? आजोबांना बरं वाटेल." मी सांगितलं, नको, कीबोर्ड बिघडलाय, एंटर लागायलं न्हाई. तिनं माझ्याकडे बघितलं आणि अभ्यासाला गेली.

कीबोर्ड चांगला आहे. रोज दुपारी लाईट जाते, लॅपटॉप बंद पडतो, आली की मी बटण दाबतो, पंखा शांत होऊ देतो आणि मेनू आला की उठतो. एंटर दाबलं तर पुढचा तास सुरू होईल, आई. आणि बाबांचा बुडेल.